इर्जिकीचं जेवण

आमच्या गावाला दुसऱ्याचं दुःख लगेच कळतं, असं आमचं गावच सांगत फिरतं. मला त्या कौतुकाची अजून चीड येते.

उत्रोलीच्या पुढं आमची भातखाचरं. लावणीला आमच्याकडे इर्जिक घालतात. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात राबायचं, उद्या तुझ्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्यानं दुपारी पोटभर जेवू घालायचं, एवढाच रिवाज.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. मी भोरला कॉलेजात होते. बौद्धवाड्यातल्या एका मावशींचे मालक घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. आमच्या आळीतल्या बायका पदरानं डोळे पुसत भेटून आल्या आणि त्या वर्षी पहिल्यांदाच मावशींना इर्जिकीत घेतलं. मावशी आमच्या खाचरात दिवसभर वाकल्या, आमचं जेवण जेवल्या, जरा लांब बसून. ते लांब बसणं मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही.

मग त्यांची पाळी आली. आम्ही बाराजणी गेलो, दुपारपर्यंत निम्मं खाचर लावलं. मावशींनी घरच्या दोन कोंबड्या कापल्या होत्या, पहाटे उठून तांदळाच्या भाकरी थापल्या होत्या. त्या घरून जेवणाची पाटी घेऊन आल्या, तर सगळ्याजणी बांधावर आपापली फडकी सोडून बसलेल्या. माझी भाकरीही आईनं बांधून आणली होती.

आई म्हणाली, तुमचा माणूस अंथरुणात, त्यात आमच्या जेवणाचा ताप कशाला. ती हे अगदी कळवळून म्हणाली, आणि संताप त्याचाच येतो. एकीला नेमका उपास आठवला. भाकरी तिच्या तोंडातच होती.

मावशींनी पाटी खाली ठेवली.

"आक्का, दुखणं मालकाच्या पायाला हाय. माज्या हाताला काय झालंय?"

कुणीतरी शेजारणीकडे चटणी मागितली.

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात शिकणारी पोरगी तरी उठेल, असं त्यांना वाटलं असावं. रश्श्याचा वास येत होता, भूक मरणाची लागली होती, आणि मी आईची कोरडी भाकरी गिळत राहिले. मावशी पाटी उचलायला वाकल्या. भरलेली पाटी डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. आम्ही बाराजणी होतो, पण कुणीच उठलो नाही.