स्टेपनीची चौकट

दादाची जीप पहिल्यांदा कुपवाडला गेली ती चासीला वेल्डिंग करायला. परत आली ती स्टेपनीशिवाय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सैन्यात ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर माणमधल्या आमच्या गावी परतला आणि जुनी जीप घेऊन दहिवडीच्या बाजूला वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतूक, करू लागला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दाजींचं, म्हणजे आमच्या आक्काच्या नवऱ्याचं, फॅब्रिकेशनचं लहानसं वर्कशॉप होतं आणि त्याला लागूनच त्यांचं घर. जीप एक रात्र वर्कशॉपच्या आवारात उभी होती. सकाळी मागचं स्टेपनीचं चाक जागेवर नव्हतं. दाजी म्हणाले, चोरीला गेलं. दादा म्हणाला, असेल. त्यानंतर त्या दोघांत या विषयावर एक शब्द झाला नाही. जावयाला असलं काही विचारायचं नसतं, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं.

विचारलं नाही म्हणून संशय वाढत गेला. काही दिवसांनी दादाने मिरज रस्त्यावर एका जीपला तसाच टायर पाहिला. जेवताना त्याने ते घरात सांगितलं. बनावट तीच, झीजही तेवढीच. गाडीचा नंबर पाहिलास का, असं मी विचारलं.

"कुपवाडकडं वळली जीप," तो म्हणाला. "आनी काय बघायचं?"

त्या वर्षी नागपंचमीला तो आक्काला आणायला गेला नाही. आमच्याकडे सासरी असलेल्या बहिणीला पंचमीला घेऊन यायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. थोरला भाऊ हिंडता-फिरता असताना धाकट्याला मुराळी पाठवलं, तर सासरच्या आळीत त्याचा अर्थ काढला जातो. दादाने वडापचं कारण सांगून मला पाठवलं. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात बातम्यांच्या डेस्कवर होतो आणि विश्रामबागेत खोली घेऊन राहत होतो, त्यामुळे मला ते सोयीचंही होतं. एसटी विट्याला थांबली तेव्हा आक्का माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "दादाला सांग, फुडच्या पंचमीला तू सोता आला न्हाईस तर मी येनार न्हाई. ह्या धाकट्याबरुबर तर न्हाईच न्हाई." मी निरोप जसाच्या तसा पोचवला. दादाने ऐकून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात जीपच्या मागच्या पत्र्याला तडा गेला. दादाने नवी स्टेपनी पत्र्यावरच बोल्टने आवळली होती, आणि आमच्या भागातल्या रस्त्यांवर त्या चाकाचं वजन पत्र्याला पेलवेना. शिवाय मागचं दार, म्हणजे फाळका, खाली पाडायला चाक आड यायचं. वैरणीचे भारे, पाण्याची पिंपं, कधी आजारी शेळ्या, सगळं मागून चढवावं लागे आणि दर वेळी फाळका पाडण्याआधी चाकाचे नट सोडवावे लागत. दादाला चासीवर उभी राहणारी आणि हवी तेव्हा उचलून बाजूला ठेवता येणारी चौकट हवी होती. ते काम विट्यातही झालं असतं. पण आक्काचा निरोप आला : घरात वर्कशॉप असताना दुसऱ्याकडून करून घेतलंस, तर सगळ्या पाहुण्यांना काय ते कळेल.

जीप कुपवाडला नेण्याआधी दादा माझ्या खोलीवर आला. चहा झाल्यावर खाली उतरला, हत्यारांच्या पेटीतून कानस काढली आणि टायरच्या बाहेर दिसणाऱ्या बाजूवर, रिमच्या काठाजवळ, दोन बारीक काप केले.

"हे काय?"

"मिलिट्रीत परतेक सामानावर खूण असती."

"दाजींना सांगणार आहेस?"

"सांगितल्यावर ती खूण कसली रं?" कानस पुसत तो म्हणाला. "तू जाता-येता चक्कर टाक तिकडं. पेपरवाला हायस. कोन काय इचारनार न्हाई."

मी चकरा टाकल्या. दाजींनी आधी मागच्या बंपरच्या आतून एक जाड चॅनेल चासीला बोल्टने बांधला. त्याच्या दोन्ही टोकांना चौकोनी पाइपचे आखूड तुकडे उभे वेल्ड केले. त्यांत बसणारे दोन पाय असलेली चौकट वेगळी तयार केली. चौकटीच्या मधोमध एक जाड पट्टी आणि तिच्यावर भंगारातल्या हबचे बोल्ट. पाय पाइपात उतरले की आडव्या पिना घालायच्या. पिना हरवू नयेत म्हणून प्रत्येकीला साखळी. पहिल्या खेपेला चौकट खडखडली. दाजींनी पायांना लोखंडी पट्ट्या लावून घासल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा घासल्या. काम चोख होतं. त्याविषयी मला शंका नव्हती.

शंका चाकाविषयी होती. चौकट आवारात होती, जीप आवारात होती, पण चाक कुठेच दिसत नव्हतं. मी विचारलं तेव्हा दाजी वेल्डिंगच्या मुखवट्याआडून म्हणाले, "हाय आत." आत म्हणजे कुठे, ते सांगितलं नाही. दुसऱ्या एका खेपेला ते एका माणसाशी फाटकाजवळ बोलत होते. मी दिसताच बोलणं थांबलं.

"या पत्रकार," दाजी म्हणाले. "आज कशाची बातमी?"

"सहज आलो."

"सहज लय येताय ह्या आठवड्यात."

मी हे सगळं दादाला फोनवर कळवलं. गावातल्या किराणा दुकानातला फोन होता. आजूबाजूला माणसं असावीत. तो एवढंच म्हणाला, "बरं. कळलं."

जीप न्यायला दादा एसटीने आला. मी त्याच्याबरोबर कुपवाडला गेलो. चौकट जागेवर होती, काळा रंग दिलेली, आणि तिच्यावर चाक आवळलेलं होतं. दादाने चौकट हलवून पाहिली. हलली नाही. मग त्याने रिमच्या काठाजवळून टायरवर हात फिरवला. एकदा वरून खाली, मग उलट. वाकून पाहिलं. मीही पाहिलं. खूण नव्हती.

"टायर धुतला काय?" त्याने विचारलं.

"न्हाई. का ओ?"

"येगळाच दिसतोय."

"तुमच्या मानकडचा धुरळा झडला आसंल," दाजी म्हणाले.

दादा हसला नाही. आक्का चहाचे कप घेऊन बाहेर आली होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आमी निघतो."

"च्या घेतल्याबिगर?"

"उशीर हुतोय."

बहिणीच्या दारातून चहा न घेता निघणं म्हणजे काय, ते तिथल्या चौघांनाही समजत होतं. पंचमी तोंडावर आली होती. आक्का कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "खूण आतल्या अंगाला हाय."

जीपच्या दाराकडे निघालेला दादा वळला.

"कसली खूण?" दादाने विचारलं.

"कानशीची. चाक बशिवताना बोटाला लागली. नवा टायर, उंदरानं तर कुरतडला नसंल. पत्र्यावर तुमी चाक उलटं आवळलं हुतं. सुलटं लावलं की खोलगट बाजू आत जाती आनी वजन मागं लोंबत न्हाई. म्हनून फिरवून लावलं."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. "तुला म्हाईत हुतं?"

"हो."

तिने कप जीपच्या बॉनेटवर ठेवले. "काढ पिना," ती दादाला म्हणाली.

"आसूं दे गं."

"आसूं दे न्हाई. काढ. बघितल्याबिगर तुझं मन ऱ्हायाचं न्हाई. आनी चाक कुटं हुतं म्हाईत हाय? माझ्या कॉटखाली. आवारात नको म्हनून ह्यांनी आत आनून ठेवलं. रोज झाडताना वडून बाजूला करत हुते मी."

दादाने पिना ओढल्या. वजन एकट्याने उचलण्यासारखं नव्हतं. दाजी पुढे झाले, दोघांनी मिळून चौकट वर उचलली आणि जमिनीवर आडवी ठेवली. दोन काप जिथे असायला हवे होते तिथे होते. दादाने त्यांवर अंगठा ठेवला आणि उठला.

"आता पयल्या स्टेपनीचं इचार," आक्का म्हणाली.

"आक्के, काय बोलतीस..."

"इचार. वरीसभर त्वांडात धरून बसलायस. जावाय हाय म्हनून इचारनार न्हाईस, आनी जावाय हाय म्हनून मला न्यायला बी येनार न्हाईस. कंचं तरी एक कर."

दादा चाकाकडे बघतच म्हणाला, "दाजी, पयलं चाक तुमी घेतलंत का?"

आमच्या घरातल्या कुणी जावयाला असा प्रश्न विचारलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. दाजी रागावले नाहीत. त्यांनी हातमोजे काढले.

"न्हाई घेतलं. पर गेलं माझ्याच आवारातनं. फाटकाला त्या दिशी कुलूप न्हवतं. मीच इसरलो हुतो."

"मग तवाच का न्हाई सांगितलंत?"

"तुमी इचारलंच न्हाई. न इचारता कसं सांगायचं? सांगितलं असतं तर म्हनला असता, आता गोष्ट रचतोय."

आक्काने निवलेला चहा परत नेला आणि गरम करून आणला. आम्ही तो घेतला. मग दोघांनी चौकट उचलून पाइपात उतरवली आणि पिना घातल्या.

परतीच्या वाटेवर मला विश्रामबागेत सोडेपर्यंत दादा एवढंच बोलला. "कुलूप न्हवतं म्हनतोय. आज म्हनतोय."

पंचमीला मी रजा घेऊन गावी गेलो होतो. दादा पहाटेच जीप घेऊन निघाला होता. मी येऊ का, असं विचारल्यावर नको म्हणाला. दुपारी जीप दारात थांबली. आक्का पुढच्या सीटवरून उतरली. मागे फाळका पाडून दादाने तिची पेटी आणि नारळाचं पोतं काढलं. स्टेपनीची चौकट काढून आत आडवी ठेवलेली होती. दाजी आले नव्हते.

आक्का चुलीपुढे बसल्यावर मी तिला विचारलं, दादा वाटेत काय बोलला.

"विट्यापातूर काय न्हाई. मग म्हनला, आता तरी कुलूप लावत्यात का फाटकाला?"

"मग?"

"म्हनलं, लावत्यात. मोठं आनलंय. तू चकरा मारत हुतास तवा फाटकापाशी दिसला त्यो कुलपाचाच मानूस हुता, कडी बघायला आल्याला."

"पटलं त्याला?"

"त्ये त्याचं त्याला म्हाईत." तिने पंचमीच्या उकडलेल्या दिंडांसाठी पुरण वाटायला घेतलं होतं. "दादानं ह्यांना बी इचारलं, या म्हनून. दारात हुबं ऱ्हाऊन, सोता. हे म्हनलं, फुडच्या साली बघू."