हातभर कोरी भिंत

गल्लीत रंगाऱ्याला सगळे ‘दुसरा हात’ म्हणत, कारण भिंतीला रंगाचा दुसरा हात दिल्याशिवाय त्यांनी कुणाचं घर सोडलं नाही. अपवाद स्वतःच्या घराचा. तिथे स्वयंपाकघराच्या दारामागचा कोपरा धाकट्या लेकीच्या लग्नापासून अर्धवट रंगवलेला तसाच होता, आणि धाकटीचा मुलगा आता दाढी करू लागला होता.

म्हातारपणी काम थांबवल्यावर ते बायकोला जुन्या इमारती दाखवायला नेत. म्हणजे बायको इमारत बघे आणि हे पोपडे. भिंत ठोकून मोठ्याने दोष सांगायची खोड. बऱ्याच ठिकाणांहून दोघांना अदबीने बाहेर काढलं गेलं होतं.

सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराची, गोष्ट वेगळी होती. शिवणाच्या कारखान्यात जाता-येता बायकोने उभी हयात त्याची रंगीत गोल खिडकी रस्त्यावरून पाहिली होती. एकदा ती आतून, वरच्या सज्जात बसून बघायची, एवढंच तिला हवं होतं.

“अहो, आज हात खिशात,” तिने दारातच बजावलं.

दारात मिळालेली टोपी डोक्यावर, हात खिशात, असे रंगारी आत शिरले. निळ्या-पांढऱ्या फरश्या, मधोमध पितळी कठड्याचा चौथरा, पोथीच्या गुंडाळ्या ठेवायचं कोरीव कपाट, सज्जा पेलणारे सडपातळ लोखंडी खांब.

“छान आहे,” ते म्हणाले. बायकोला काळजी वाटली.

ती खरी ठरली. दारासमोरच्या भिंतीवर हातभर चौकोन गिलाव्याविना उघडा होता. हात खिशातून निघाला. टकटक.

“कामचुकार लेकाचा. अख्खी भिंत आरशासारखी केली आणि इथून पळाला. थोडा चुना मिळाला तर आत्ता—”

देखरेख करणाऱ्या बाई येताना दिसल्या. बायकोने मुकाट्याने पर्स उचलली.

“मुद्दाम सोडलंय, काका,” बाई म्हणाल्या. “दूर देशातलं आम्हा ज्यूंचं मोठं मंदिर फार पूर्वी पाडलं गेलं. नवी वास्तू कितीही देखणी झाली तरी ते विसरू नये, म्हणून.”

रंगाऱ्याने पुन्हा पाहिलं. चौकोनाच्या कडा अगदी सुतात, सरळ होत्या. पळणारा माणूस कडा अशा सोडत नाही. त्यांनी टोपी सरळ केली. “चुकलो, बाई.”

“उलट बरं वाटलं. बाकीचे झुंबराचे फोटो काढतात नि जातात. वरचा सज्जा बघायचाय? कुलूप काढते.”

सज्जातल्या बाकावर लाल-हिरवा उजेड बायकोच्या मांडीवर येऊन बसला. तिने दोन्ही तळवे त्यात धरले आणि मनसोक्त बसली. शेजारून एकही दोष ऐकू आला नाही.

“बरं वाटत नाहीये का?” तिने शेवटी विचारलं.

“बघतोय.”

परतताना ती म्हणाली, “आता तो स्वयंपाकघरातला कोपरा उरका.”

“तो मुद्दाम सोडलाय.”

“कशाच्या आठवणीसाठी?”

“मीही कधी आपलं घर रंगवायला घेतलं होतं, त्याच्या.”

त्या कोपऱ्यावरून ती पहिल्यांदाच हसली.