ट्रेमधला चाकू

पाचोडच्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटात दुर्बिणीसाठी नळी खुपसताना मी तिची रक्तवाहिनी फोडली. हात माझा, घाईही माझीच. ती जगली ती काळे सरांमुळं. आणि गेल्या महिन्यात काळे सर गेले.

सर मेंदूचे सर्जन. मेंदूत पाणी साठून डोकं फुगलेली पोरं लांबून लांबून त्यांच्याकडं येत. कवटीला भोक पाडायचं, कानामागून कातडीखालून सळई पोटापर्यंत रेटायची, तिच्या वाटेनं बारीक नळी ओढून पोटात सोडायची, की वरचं पाणी खाली उतरतं. पोट ते चाकूनं उघडत. मी पोटाचा सर्जन, पुण्याहून दुर्बिणीचं ऑपरेशन शिकून नुकताच आलेलो, अंगात मस्ती. सगळ्यांसमोर म्हणालो, "सर, तुम्ही फाडता, मी टोचतो. नळीचं टोक कुठं पडतं ते तुम्हाला दिसतं तरी का?" सर खवळले. "टोच. पण माझी पोर मेली तर तुला उभा चिरीन."

त्या पाचोडच्या मुलीच्या ऑपरेशनच्या सकाळी पडद्यावर आतडी दिसायला हवी होती. दिसलं ते नुसतं लाल. दुर्बीण पुसली, पुन्हा घातली, पुन्हा लाल... मी आपला पुसतोच आहे! भूलतज्ज्ञ ओरडल्या, "प्रेशर पडतंय!" सरांनी डोक्याकडची जागा सोडली, माझ्या बोटांवर चिमट्याचा असा तडाखा हाणला की दुर्बीण हातातून सुटली, आणि एका झटक्यात पोट चिरलं. रक्त त्यांच्या कोपरापर्यंत आलं. आत हात घालून त्यांनी ती वाहिनी चिमटीत आवळली. "आता शिव, गाढवा. हात थरथरला तर मोडून टाकीन." मी शिवलं. डोक्यातल्या पाण्याची नळी तेवढी बाहेर ठेवली. पोट निवल्यावर, आठवड्यानं, सरांनीच ती आत सोडली.

वाटलं, आपली दुर्बीण आता भंगारात. पण महिन्याभरात सरांचाच फोन. दोनदा पोट उघडलेल्या एका बाईंची नळी तुंबली होती, टोक कुठं अडकलंय कळेना. "ये तुझी दुर्बीण घेऊन. माझ्या चाकूला दिसत नाय, हे खरंय." मी टोक शोधून सोडवलं. सर मात्र सगळा वेळ माझ्या उजवीकडं, ट्रेमध्ये पातं चढवलेला चाकू ठेवून उभे. पुढंही दर वेळी तसंच... वर्षानुवर्षं. एकदाही तो उचलावा लागला नाही, आणि एकदाही त्यांनी तो हलवला नाही.

परवा सरांशिवायची पहिली केस होती. उजवीकडं पाहिलं, तर ट्रेमध्ये चाकू, पातं चढवलेलं. आमच्या थिएटरच्या कौसर सिस्टर सरांच्या कामातल्या जुन्या जोडीदार. म्हटलं, "सिस्टर, आता हा कशाला? सर तर..."

त्यांनी चाकू जरा माझ्याकडं सरकवला.

"सर गेले, व्हय. पण टोचणार तर तुम्हीच हायत ना?"