कोंडिबाच्या मागची जागा

मावशी गेल्याची तार माझ्या यजमानांनी स्वतःच टिपून घेतली. ते नांदगाव स्टेशनात तारबाबू आहेत. भरदुपारी ड्यूटी सोडून ते घराकडे येताना दिसले तेव्हाच मी समजले. मिळेल ती गाडी धरून मी नाशिकरोडला उतरले आणि टांग्याने आमच्या ख्रिस्ती वस्तीत पोचले, तोवर बायकांनी मावशीला आंघोळ घालायला घेतली होती. मी तिचे हात हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. तळवे, बोटांची पेरं, मनगटाची आतली बाजू... तांब्या घेऊन उभ्या असलेल्या वस्तीतल्या राहेलबाई हळूच म्हणाल्या, "काही नाही गं. मीही पाहिलं." डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला होता, तरी आम्ही दोघींनी हात पाहिलेच. असं का, ते सांगायला हवं.

सगुणामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, म्हणून मी मावशीच्याच हाताखाली वाढले. दिंडोरीकडच्या खेड्यातून ती आणि काका बाप्तिस्मा घेऊन नाशकात आले. धर्म बदलायला केवढं धैर्य लागलं असेल, असं कुणी म्हटलं की ती सांगायची, "मला कुठलं धैर्य? तुझे काका पुढं चालले, नि मागं एकटी ऱ्हायची भीती वाटली म्हनून मी बी चालले." इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. पाल, वीज, टांग्याचा घोडा, गोदावरीचा पूर, मडमेचा कुत्रा, सगळ्यांना ती सारखीच भ्यायची. काका गेले आणि त्यांच्यामागोमाग तिची एकुलती एक मुलगी शांता क्षयाने गेली, तेव्हापासून रोगाची भीती या सगळ्यांच्या वर जाऊन बसली. घरात ज्याचं त्याचं फुलपात्र वेगळं. पाहुण्याने चहा पिऊन कप खाली ठेवला, की त्याला उकळत्या पाण्याचा बाप्तिस्मा ठरलेला! आम्ही थट्टा करायचो, तीही हसायची, पण कप उकळणं काही सोडलं नाही.

आणि अशा बाईला महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन घ्यावं लागे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या देवळात, आम्ही ख्रिस्ती लोकही देऊळच म्हणतो, या विधीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस देतात, आणि प्याला सगळ्यांना एकच असतो. आधी पुरुष, मग बायका वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि तो चांदीचा प्याला एकेकाच्या ओठांना लागत पुढे जातो. आमची माणसं नाना जातींतून आलेली. ज्यांच्या आज्यांनी एकमेकींच्या सावलीचा विटाळ धरला, त्यांच्या नाती आज एका प्याल्यातून पितात, याचा आम्हाला केवढा अभिमान! मावशी मात्र नुसते ओठ टेकवल्यासारखं करून परत येत असावी, असा माझा जुना संशय आहे.

त्या अभिमानाची परीक्षा कोंडिबाने घेतली. हा गडी महारोग्यांच्या आश्रमात बरीच वर्षं काढून आलेला. रोग थांबला आहे, याच्यापासून कुणाला भय नाही, असं सांगून डॉक्टरांनी त्याला सोडला होता, पण बोटं झिजून आखूड झाली ती झालीच. वस्तीच्या बागेत तो झाडांना पाणी घालायचा. पहिल्यांदा तो प्रभुभोजनाला उठला तेव्हा पुरुषांची रांग जागच्या जागी आकसली. मग आमच्या पंचांपैकी याकोबदादांनी, म्हणजे राहेलबाईंच्या यजमानांनी, तोडगा काढला. कोंडिबाने सगळ्यांच्या शेवटी, बायकांच्याही नंतर यावं, आणि त्याच्यामागून उरलेला प्याला विधी चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी रिकामा करावा. कोंडिबाला हे कुणी तोंडाने सांगितलं नाही. तो आपणच दाराशी बसू लागला. मावशीला ही सोय फारच पसंत पडली.

पुढे तेवढ्यानेही लोकांचं समाधान होईना. शेवटी प्याला तर पुढच्या महिन्यात तोच ना! कोंडिबाने देवळात येऊच नये, पाळकसाहेबांनी त्याच्या खोलीवर जाऊन द्यावं, असं पंचांच्यात घाटू लागलं. कोंडिबाच्या कानावर ते गेलं. तो आमच्या अंगणात आला आणि उंबऱ्यापासून लांब उभा राहून मावशीला म्हणाला, "बाय, आश्रमात व्हतो तवा कुंपनाच्या आत व्हतो. आता भाईर हाय म्हनत्यात. मंग मला येगळं का वाढायचं?"  मावशीने त्याला चहा दिला. तो गेल्यावर कप उकळायला ठेवला आणि चुलीपुढे बसून रडायला लागली. "माझ्या शांताचं फुलपात्र मी असंच येगळं ठेवलं व्हतं," ती म्हणाली. "पोर मरेस्तवर त्याच्याकडं बघत ऱ्हायली..."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे जात्यावर तिचं नवं गाऱ्हाणं सुरू झालं. वाचता येत नसल्यामुळे तिची प्रार्थना तिच्याच शब्दांतली असे, आणि आता ती एकच होती: "देवा, मला धीर दे." जात्याच्या घरघरीत ती मी अंथरुणातून ऐकायची. रोज रोज तेच ऐकून देव कंटाळला असेल, असं मी एकदा म्हटलं. "कंटाळू दे," ती म्हणाली. "दळन रोजच्याला लागतं, तसा धीर बी रोजचा रोज लागतो."

असे काही महिने गेले. एका पहिल्या रविवारी बायकांची रांग उठली, तेव्हा मावशी बसून राहिली. मी तिला कोपराने ढोसलं, तरी ती हलली नाही. सगळ्या बायका परतल्या, कोंडिबा एकटा पुढे गेला, प्यायला, आणि पाळकसाहेब उरलेला प्याला रिकामा करायला वळले. तेवढ्यात मावशी उठली. भिंतीचा आधार घेत ती कठड्यापर्यंत गेली आणि कोंडिबाच्या शेजारी गुडघे टेकून बसली. पाळकसाहेब मागे फिरले आणि त्यांनी प्याला तिच्यापुढे धरला. ती इतकी थरथरत होती, की प्याल्याच्या काठावर तिचे दात वाजले. देवळात ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. पण ती प्यायली, आणि या वेळी घोट घशाखाली उतरताना मी पाहिला.

त्यानंतर पंचांच्यात तो विषय निघाला नाही. सगळ्यात भित्री बाई पिऊन आली म्हटल्यावर कुणी काय बोलायचं! तरी कुणी धडा घेतला असंही नाही. दोन घरं आमचं देऊळ सोडून गेली, आणि कोंडिबाच्या मागे मावशीखेरीज कुणी उभं राहिलं नाही. ती मात्र दर महिन्याला तिथेच जायची, आणि दर महिन्याला तिचे दात वाजायचे. घरी आली की उन्हात बसून, महारोगाचा चट्टा उठलाय का म्हणून, हात निरखायची. मी लग्न होऊन नांदगावला गेले तरी माहेरपणाला आल्यावर ते काम माझ्याकडे असे. "भीती गेली नाही का गं अजून?" मी एकदा विचारलं. "कुठं जातीय? बसलीय हितंच," छातीवर हात ठेवून ती म्हणाली. "ती बसती, नि मी उठते."

या महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशीची खोली आवरायला म्हणून मी नाशकात होते. देवळात गेले. मांडीवर माझी मुलगी झोपली होती. पुरुष झाले, बायका झाल्या, मी बसूनच राहिले. कोंडिबा पुढे गेला. त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि गुडघे टेकले. माझ्या पोरीचा गरम श्वास मनगटाला लागत होता. मला उठवेना. खरंच उठवेना. तेवढ्यात पुढच्या बाकावर माझ्यासारख्याच बसून राहिलेल्या राहेलबाई उठल्या. याकोबदादा पुरुषांच्या बाजूने बघत राहिले. त्या कठड्यापाशी गेल्या, कोंडिबाच्या शेजारी टेकल्या, आणि त्या शांततेत चांदीवर दात वाजल्याचा आवाज आला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी मुलीला शेजारणीच्या मांडीवर ठेवलं आणि उठले.