पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

माझे वडील, आमचे नाना, आयुष्यभर लाल बसवर ड्रायव्हर होते. ब्रेकमध्ये जरा खोट वाटली तर बस डेपोबाहेर काढायचे नाहीत, मग साहेब कितीही ओरडो. आई गेल्यापासून ते अमळनेरजवळच्या आमच्या गावी एकटे राहतात आणि मी धुळ्यात एकटी. एकत्र राहायचा विषय तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा भांडणावर गेला. खाण तशी माती. म्हणून दर रविवारी मी माझी जुनी गाडी काढते आणि त्यांच्याकडे जाते.

बोलायला आमच्याकडे काही नसायचं. आई होती तोवर दोघांच्या वाटचं तीच बोलायची. ती गेल्यावर आम्हाला तारलं ते माझ्या गाडीच्या ब्रेकने. गेल्या उन्हाळ्यात तो ओरडायला लागला. गावात शिरताना मारुतीच्या पाराजवळ वळण आहे, तिथे पाय दाबला की पारावरची सगळी माणसं मान वळवायची. मी घरापाशी पोचेपर्यंत नाना फाटकात हजर.

"पुढलं डावं चाक," मी उतरायच्या आधीच ते म्हणायचे. "कितला डाव सांगू तुले, पॅड बदल!"

मग चहाला ब्रेक, जेवताना ब्रेक. उतारावर गाडी न्यूट्रल करतेस का, ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतेस का, अशी उलटतपासणी. "गाडी चालाडता बठ्ठासले येस, थांबाडता येवाले पायजे," चालवणं सगळ्यांनाच येतं, थांबवणं जमलं पाहिजे, हे तर दर रविवारी एकदा ठरलेलं. मी चिडायचे, उलट उत्तरं द्यायचे आणि संध्याकाळ कधी व्हायची कळायचं नाही.

मागच्या महिन्यात मी धुळ्यात पॅड बदलून घेतले. नानांना बरं वाटावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर कटकट थांबावी म्हणूनही. त्या रविवारी वळणावर गाडी गुपचूप वळली. पारावर कुणी मान वर केली नाही. मी स्वतःवर खूश होते.

फाटकात नाना नव्हते. आत गेले तर अंगणात खुर्चीवर बसलेले, धुतलेला शर्ट, पायात चपला, कान वळणाकडे. मला बघून दचकले, मी कधी आले ते त्यांना कळलंच नव्हतं.

"कवय उनी तू? माले वाटनं, आज येत नही."

मी ब्रेकचं सांगितलं. त्यांनी चावी घेतली, पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी नेऊन आणली, दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहिला. "बराबर शे," म्हणाले. नंतर चहा झाला. मी ऑफिसचं काहीतरी सांगितलं, ते "हां" म्हणाले. जेवण झालं. त्यांनी वाचलेला पेपर पुन्हा उघडला. भिंतीवरचं घड्याळ एवढं वाजतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस हे घर असंच असतं, हे लक्षात आलं. माझंही घर तसंच असतं.

चार वाजता मी निघाले. गाडी सुरू केली. नाना खिडकीशी आले, दारावर हात ठेवून पुढच्या डाव्या चाकाकडे बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तो आवाज ऱ्हाऊ देवाले पायजे व्हता."

मी चावी फिरवली आणि गाडी बंद केली.