अकरा फांद्या आणि एक शेळी

माझ्या सासूबाई चोर नाहीत. दुसऱ्याच्या घरातली टाचणीसुद्धा त्या उचलणार नाहीत. त्या फक्त फांद्या उचलतात.

हे मला लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर कळलं. गेल्या मे महिन्यात, भर उन्हात!

पनवेलच्या आमच्या सोसायटीतल्या चौदा बायकांनी रविवारी सकाळी तीन घरांच्या बागा बघायला जायचं ठरवलं. पुढारीपण माझ्याकडे. (मी नको नको म्हणत होते, पण हळू आवाजात.) गाडी निघताच मी उभी राहून बजावलं, "लोकांनी जीव लावून वाढवलेल्या बागा आहेत. पानालाही हात लावायचा नाही!" सगळ्यात जोरात मान सासूबाईंनी हलवली.

पहिल्या बंगल्यात लाल, पिवळ्या, केशरी जास्वंदी. दुसऱ्या घराच्या गच्चीवर मोगरा, अनंत आणि गुलाबी सदाफुली. तिथून जिना उतरताना बघते तर काय, सासूबाईंच्या पर्समधून एक पान डोकावतंय!

"आई, हे काय?"

"कुठे काय?"

"जास्वंदीचं पान!"

"अगंबाई! चिकटून आलं असेल."

मी पर्स उघडली. आत चष्मा, बीपीच्या गोळ्या, छोटी कात्री आणि ओल्या रुमालात गुंडाळलेल्या नऊ फांद्या!

"आई! मागून घ्यायच्या ना!"

"मागितलेली फांदी जगत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "चोरलेली जगते. एवढी शिकलीस, हेही माहीत नाही?"

मी पर्स काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. त्या क्षणी मला मी फार हुशार वाटले. (मुद्देमाल माझ्याकडे आणि आईंचे दोन्ही हात मोकळे, हे लक्षातच आलं नाही!)

तिसरं घर पळस्प्याजवळच्या गावात, नर्मदाबाईंचं. सत्तरीच्या आगरी बाई, फाटकातच स्वागताला उभ्या. मागे कुंपणभर गुलाबी, पांढरी, नारिंगी, जांभळी बोगनवेल. डोळे दिपले!

"या, या! आधी पानी प्या. झाडं कुठं जात नाय."

बाग बघून झाली आणि मी आभाराचं भाषण सुरू केलं. "नर्मदाताई, आमच्या ग्रुपची एक शिस्त आहे..." तेवढ्यात मागून कुणीतरी पर्स ओढली.

"आई, सोडा!" मी दबक्या आवाजात म्हणाले.

पण आई तर समोर उभ्या होत्या!

मागे शेळी होती. चेनमधून बाहेर आलेलं पान तिने दातांत धरलं होतं. मी ओढलं, तिने ओढलं. चेन तुटली आणि सगळा माल अंगणात पसरला. नऊ नाही, अकरा फांद्या! दोन बोगनवेलीच्या, ताज्या. पर्स माझ्या खांद्यावर असताना आईंनी त्या आत सरकवल्या होत्या!

सगळ्यांच्या माना वळल्या.

"वर्षा!" सासूबाई कडाडल्या. "तू? अगं, हेच शिकवलं का आम्ही तुला?"

शेळी जास्वंद चघळत होती. नर्मदाबाईंनी एकदा फांद्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आवं, मागितली असती तं आमी नाय बोललो असतो काय?"

"मागितलेली जगत नाही ना!" मी बोलून गेले. मलाच खरं वाटेना!

नर्मदाबाई गंभीर झाल्या. "त्ये मात्र खरं हाय." मग पदर खोचून त्यांनी आमच्याकडे चक्क पाठ केली. "मी तिकडं बघतंय. चोरा लवकर!"

चौदा सुशिक्षित बायका बागेत घुसल्या. निवृत्त मुख्याध्यापिका कुंपणावर चढल्या. पाठमोऱ्या नर्मदाबाई सूचना देत होत्या, "पांढरी डावीकडं हाय! काटं सांभाळा! त्या बकरीला कुणीतरी धरा!" हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं.

सासूबाईंच्या सगळ्या फांद्या जगल्या. (शेळीने खाल्लेली सोडून.) तळमजल्यावरचं आमचं अंगण असं फुललं, की यंदा बघायच्या बागांच्या यादीत पहिलं घर आमचंच! दारात सासूबाई स्वागताला.

"निवांत बघा हो," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. फक्त आमच्या वर्षाकडे जरा लक्ष असू द्या!"

सगळ्या जणी वळून माझ्या हातांकडे बघायला लागल्या. हातांत सरबताचा ट्रे होता, म्हणून माझ्याच घरात माझी झडती टळली!