नंदाबाईची पात

कामठ्याच्या अलीकडे एका गावात नंदाबाई दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. धानाच्या रोवण्यातला, म्हणजे भातलावणीतला, तिचा चपळ हात आणि शाळेत ती शिजवते ती खिचडी. अकरा वर्षांत खिचडी एकदाही करपली नव्हती. याचा तिला भारी गर्व, आणि का नसावा?

काळजी एकच, नात टीना. सहावीतली पोरगी, पण "उद्यापासून मी शाळेत नाई जात" हे रोजचं पालुपद. एक दिवस खरंच जायची नाही, या धास्तीने म्हातारीला घास गोड लागेना.

टीनाच्या वर्गाचे योगराज सर नवे, उत्साही. त्यांनी गट पाडायचं ठरवलं आणि म्हणाले, "आपापले सोबती निवडा." हुशार हुशारांकडे धावले. टीना आणि तिच्यासारखाच अभ्यासात कच्चा गुड्डू दाराशी उरले, बाजार उठल्यावर राहिलेल्या किडक्या वांग्यांसारखे. खिडकीतून हे पाहून नंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणं आटोपताच तिने सरांना गाठलं.

"सर, तुमी कधी रोवणा पाह्यला का? नव्या पोरीले आमी बांधावर नाई बसवत. दोन चपळ बायांच्या मधात घेतो. तिचं झाल्याबिगर पात, बायांची आख्खी रांग, मागं सरकत नाई."

सर आमगावच्या शेतकऱ्याचेच पोर. ओशाळले. "खरं हाय, मावशी."

दुसऱ्या दिवशी गट त्यांनी स्वतः पाडले. टीना आणि गुड्डू हुशार आचलच्या गटात. नियम असा की फळ्यावर कोणालाही बोलावणार, आणि गटातल्या सगळ्यांना जमल्याशिवाय पुढचं गणित नाही. झालं! आचल टीनाच्या मागे हात धुऊन लागली. चिंचेचं आमिष दाखवून अपूर्णांक शिकवू लागली. आठवडाभर घरी ते पालुपद ऐकू आलं नाही. दृष्ट लागेल म्हणून नंदाबाईही गप्प राहिली.

मग एके दिवशी सरांनी टीनाला फळ्यापाशी बोलावलं. नंदाबाई झारा घेऊन खिडकीशी. पोरीचं उत्तर चुकलं. तिने पुसलं, पुन्हा मांडलं, आणि बरोबर आलं! आचलने टाळ्या पिटल्या. "चला, पुढचं!" म्हणत तिने पान उलटलं.

टीनाने पानावर हात ठेवला. "थांब ना वो. गुड्डूचं होऊन राहिलं अजून."

नंदाबाईला आनंदाने रडूच फुटलं. पदराने डोळे पुसताना तिला वास आला.

त्या दिवशी पोरांनी नाकं मुरडत करपलेली खिचडी खाल्ली. नंदाबाई मात्र वाढताना ज्याला त्याला सांगत होती, "करपली तं करपली!"